‘झालं’ असं वाटतच नाही: ओसीडी आणि चिंताविकार सोप्या भाषेत

चोपडा तालुक्यातले एक शेतकरी पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आले, तेव्हा बोलायच्या आधी त्यांनी मोबाइल पुढे केला. गॅलरीत एकाच वस्तूचे फोटो होते: विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. कधी बॅटरीच्या उजेडात, कधी पावसात, कधी नुसतं लाल बटण आणि त्यावर टेकलेला अंगठा. मी बोटानं वर सरकवत राहिले, फोटो संपेनात. “मोटार बंद केली का नाही, ते घरी येऊन बघता यावं म्हणून काढतो,” ते म्हणाले. “पण घरी आलो की वाटतं, हा फोटो कालचा तर नसेल?” मग पुन्हा गाडीला किक मारायची, दोन किलोमीटर मळ्यात जायचं, बटण दाबायचं, फोटो काढायचा. शेतीची वीज रात्रीची असली की एका रात्रीत चार-चार फेऱ्या. बायको शेजारी बसून ऐकत होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, कारण प्रत्येक फेरीनंतर तिला उठवून विचारलं जायचं, “मी बंद केली ना?”

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. जळगावात माझा खाजगी दवाखाना आहे. धुळे, नंदुरबारकडून, सातपुड्याच्या पायथ्यापासून आणि पलीकडच्या बऱ्हाणपूरहूनही लोक येतात. त्यांतले बरेच जण दोन आजारांच्या चक्रात सापडलेले असतात: चिंताविकार आणि ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. ओसीडी हा शब्द आता रीलमुळे घरोघरी पोचलाय. चादर नीट घडी केली की मुलं म्हणतात, “मला ना ओसीडी आहे.” त्या शब्दाखाली माणसं खरोखर काय भोगतात ते कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख. यातली माणसं अनेक रुग्णांच्या अनुभवांतून जोडलेली आहेत आणि ओळखीचे तपशील बदललेले आहेत.

मंत्रचळ: जुना शब्द, जुनाच आजार

मराठीत या आजाराला फार आधीपासून एक शब्द आहे, मंत्रचळ. आजी म्हणायची, “तिला मंत्रचळ लागलाय, दिवसभर भांडी घासते.” म्हणजे आजार काही मोबाइलबरोबर आलेला नाही.

त्याचे दोन भाग असतात. पहिला, ऑब्सेशन: नको असताना डोक्यात घुसणारा आणि हाकलला तरी परत येणारा विचार, चित्र किंवा शंका. मी याला पुढे ‘घुसखोर विचार’ म्हणेन. दुसरा, कम्पल्शन: त्या विचारानं उठलेली तगमग शमावी म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती. धुणं, तपासणं, मोजणं, सरळ रेषेत लावणं, मनातल्या मनात नामजप ठरावीक आकड्यापर्यंत नेणं, दुसऱ्याला विचारून खात्री करून घेणं. कृती डोळ्यांना दिसलीच पाहिजे असं नाही. कित्येक जण गप्प बसलेले दिसतात, आणि आत एकशे आठ वेळा तेच वाक्य चाललेलं असतं.

मग गॅस दोनदा बघणारा प्रत्येक जण रुग्ण का? नाही. सगळं मिळून दिवसातला तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल, किंवा काम, झोप, संसार यांवर त्याचा घाव बसत असेल, तर आम्ही त्याला आजार म्हणतो. आणखी एक खूण मला महत्त्वाची वाटते. टापटिपीची आवड असणाऱ्याला आवरून झाल्यावर समाधान मिळतं. ओसीडीच्या रुग्णाला फक्त सुटका मिळते, तीही दोन मिनिटांची.

बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याला लागून असलेले मध्य प्रदेश आणि गुजरात होते. त्यात प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण सुमारे ०.८ टक्के निघालं. आकडा लहान वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांच्या वर होती. त्यात प्रौढ २८ लाख धरले, तर या एका जिल्ह्यात वीस-बावीस हजार माणसं होतात. हा ढोबळ हिशेब आहे, पण ती माणसं कुठे आहेत, हा प्रश्न मला रोज पडतो. दवाखान्यांत तर एवढी दिसत नाहीत.

मोटार बंद आहे, दिवा जळतोय

त्या शेतकरीदादांना मी त्यांच्याच स्टार्टरवरून समजावलं. समजा, लाल बटण दाबलं, खट् झालं, मोटार थांबली, पण स्टार्टरवरचा दिवा काही विझेना. तुम्ही काय कराल? पुन्हा दाबाल. दिवा तसाच. परत दाबाल. बिघाड दिव्याच्या वायरीत आहे आणि तुम्ही बटण झिजवताय.

मेंदूतही असा एक ‘काम झालं’ सांगणारा दिवा असतो. आपण कडी लावतो, आणि आत कुठेतरी ‘झालं’ असं वाटतं. ते वाटणं एवढं सहज असतं की आपलं त्याच्याकडे लक्षही जात नाही. ओसीडीत कडी लागलेली डोळ्यांना दिसते, हाताला लागते, बुद्धीला पटते, आणि तरीही ते ‘झालं’ येत नाही. म्हणून या रुग्णाला “अरे, दिसत नाही का, लागलीय ना कडी?” असं विचारण्यात अर्थ नसतो. त्याला दिसतं. कित्येकदा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दिसतं.

मेंदूच्या चित्रणात, म्हणजे स्कॅनमध्ये, कपाळामागचा एक भाग आणि मेंदूच्या खोलातली काही केंद्रं यांच्यातली ये-जा या आजारात जास्त तापलेली आढळते. कुणात हे का होतं, त्याला एकच कारण नाही. घराण्यात असेल तर शक्यता वाढते. बऱ्याच जणांत सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयात होते. बाळंतपणानंतर काहींमध्ये अचानक उसळतं. आईनं लाड केले म्हणून किंवा बाप कडक होता म्हणून हा आजार झाला, असं म्हणायला आधार नाही. आई-बाप ते ओझं घेऊन येतात, म्हणून हे मी पहिल्याच भेटीत सांगते.

चिंताविकार याहून वेगळा कसा?

२०१३ पर्यंत ओसीडी चिंताविकारांतच धरला जायचा. त्या वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नव्या वर्गीकरणात त्याला वेगळं घर मिळालं. नातं मात्र जवळचं आहे, आणि एकाच माणसात दोन्ही असणं नेहमीचं.

चिंता वाईट नाही. केळीचे घड भरलेत आणि मे महिन्यात आभाळ काळं होऊन वारं सुटलं, तर रावेर-यावलमधल्या कुठल्या शेतकऱ्याला झोप लागेल? ही चिंता बरोबर जागी आहे. वारं थांबलं, पाऊस सरला, बाग उभी राहिली, तरी सहा महिने रोज पोटात गोळा येत राहिला, पिकावरून मुलीच्या लग्नावर, तिथून स्वतःच्या छातीवर चिंता उडी मारत राहिली, तर तो चिंताविकार. गावाच्या जुन्या जागल्यासारखं समजा. जागल्यानं चोर दिसल्यावर आरोळी ठोकायची. हा जागल्या मांजर गेलं तरी आरोळी देतो, पान हललं तरी देतो. माणूस इमानदार आहे, फक्त त्याची नजर बिघडलीय.

त्याची सगळ्यात मोठी आरोळी म्हणजे पॅनिक अटॅक. अचानक छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायाला मुंग्या येतात, आता आपण मरतो असं वाटतं. साधारण दहा मिनिटांत तो शिखराला पोचतो आणि मग ओसरतो. मुंग्या येतात कारण घाबरून भराभर श्वास घेताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. पहिल्यांदा असं झालं तर हृदयाची तपासणी करून घ्यायलाच हवी, त्यात हयगय नको. पण माझ्याकडे येणाऱ्यांच्या पिशवीत पाच ईसीजी, दोन टुडी इको आणि थायरॉइडचे तीन रिपोर्ट असतात, सगळे नॉर्मल. “नॉर्मल आहे म्हणतात, मग मला होतंय काय?” हा प्रश्न घेऊन दोन-दोन वर्षं फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. एवढ्या अवधीत त्यांनी एसटीनं जाणं सोडलेलं असतं, लग्नाला जाणं सोडलेलं असतं, एकट्यानं बाजारात जाणं सोडलेलं असतं. टाळलं की बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून पुढच्या वेळी आणखी टाळलं जातं.

खात्रीची तल्लफ

माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथे आहे. हे आजार जगतात ते आपण त्यांच्यावर करत असलेल्या उपायांवर.

तंबाखूची तल्लफ आली की बार भरायचा. तल्लफ जाते. पण दोन तासांनी ती परत येते, कारण मघाशी आपणच तिला पोसलं. खात्रीचंही तसंच. शंका आली, तपासलं, बरं वाटलं. मेंदू शिकला की शंका खरी धोक्याचीच होती, तपासलं म्हणून वाचलो. पुढची शंका आणखी लवकर येते, आणि एका तपासणीनं भागत नाही. फोटो काढूनही भागत नाही, हे त्या गॅलरीनंच सांगितलं होतं. आणखी एक गंमत वाटावी अशी पण फार दुःखाची गोष्ट आहे: एखादी गोष्ट वारंवार तपासली की तिची आठवण पक्की होण्याऐवजी पुसट होते. पंचवीस वेळा बटण दाबलेल्या माणसाला पंचविसावी वेळ आणि चोविसावी वेळ वेगळी सांगता येत नाही.

यात घरही ओढलं जातं. एका गावात नळाला पाणी चौथ्या दिवशी यायचं. त्या घरातल्या सुनेला धुण्याचा आजार. दुधाची पिशवी धुवायची, भाजी साबणाच्या पाण्यातून काढायची, दुकानातून परत आलेल्या नोटा धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. नवरा कामावरून आला की अंगणातच कपडे बदलायचा. मुलं शाळेतून आली की आधी अंघोळ, मग घर. दोनशे लिटरचा ड्रम दुसऱ्या दिवशी दुपारीच तळाला जायचा, आणि सासू कळशीनं पाणी मोजायला लागली होती. सगळे तिचे नियम पाळत होते, कारण पाळले नाहीत तर ती रडून कोसळायची. प्रेमानंच पाळत होते. पण प्रत्येक पाळलेल्या नियमातून तिच्या मेंदूला एकच निरोप जात होता: बघ, सगळ्यांनाच धोका दिसतोय.

ती आली ती त्वचारोगतज्ज्ञांकडून. हात टेबलावर ठेवले तेव्हा बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, कातडी पांढरट आणि पातळ, फिनाइलचा वास. मलम तीनदा बदललं होतं. ते लावून ती पाच मिनिटांत धुऊन टाकत होती.

जे तोंडातून निघतच नाही

धुणारे आणि तपासणारे निदान दिसतात तरी. ज्यांना आपल्या घुसखोर विचारांची कुणाकडे वाच्यताही करता येत नाही, ते सर्वांत एकटे.

एक तरुण आई. बाळ तीन महिन्यांचं. विळीवर भाजी चिरताना डोक्यात चित्र आलं: या विळीनं बाळाला काही झालं तर? माझ्याच हातून झालं तर? तिनं विळी माळ्यावर टाकली. मग सुरी, मग कात्री. मग बाळाला एकटीनं घ्यायलाच नको म्हणाली. घरचे म्हणाले, आईपण नको आहे हिला. माझ्यासमोर ती पाऊण तास झोप, भूक, डोकेदुखी यांवरच बोलली. उठायच्या आधी म्हणाली, “मना डोकामा तोच तो इचार येस,” आणि पुढे शब्द फुटेना. तिला वाटत होतं, सांगितलं तर मी पोलीस बोलावेन.

मी तिला जे सांगितलं ते इथेही सांगते. १९७८ मध्ये रॅकमन आणि डिसिल्वा या संशोधकांनी साध्या, निरोगी माणसांना विचारलं की तुमच्या डोक्यात असे भलतेसलते, हिंसक, लाजिरवाणे विचार येतात का. बहुसंख्य लोकांनी ‘हो’ म्हटलं. गच्चीच्या कठड्याशी ‘उडी मारली तर’ असं क्षणभर वाटणं, पूजेत बसल्यावर देवाबद्दल अभद्र शब्द मनात येणं, हे माणसाच्या मेंदूचं रोजचं उत्पादन आहे. बहुतेक जण ‘काय भलतंच’ म्हणून पुढे जातात. ओसीडीचा रुग्ण तिथे थांबतो. ‘असा विचार आला म्हणजे मी तसाच आहे का?’ आणि मग तो विचार येऊच नये म्हणून झटतो. विचार दाबला की तो उसळतो, हे तुम्हीही करून बघू शकता: पुढचं एक मिनिट माकड आठवायचं नाही.

घुसखोर विचार माणसाच्या सगळ्यात नाजूक जागी घुसतो. ज्याला देवाची चाड, त्याला देवनिंदेचे विचार. जिला बाळ जिवापाड, तिला बाळाला इजा होण्याचे. तो विचार येतो म्हणून ती घाबरते, विळी लपवते, रडते. हीच खूण आहे की तो तिचा नाही.

इथे एक वेगळी गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाळंतपणानंतर आई दोन-तीन रात्री झोपत नाही, असंबद्ध बोलते, कानात आवाज येतात म्हणते, बाळाबद्दलचे विचित्र विचार तिला बरोबरच वाटतात, अशी लक्षणं दिसली तर तो निराळा आणि गंभीर आजार आहे. तिथे त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आईला आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही.

उपचार: मार्चचं ऊन आणि मेचं ऊन

आपल्याकडे मार्चमध्ये पारा ३८ ला गेला की जीव नकोसा होतो. मेमध्ये ४४ असतो आणि आपण टोपी-रुमाल बांधून सराफ बाजारात फिरत असतो. शरीर शिकतं. घराबाहेर पडलोच नसतो तर शिकलं नसतं.

ओसीडीवरच्या मुख्य मानसोपचाराला ईआरपी म्हणतात: भीतीच्या गोष्टीला ठरवून सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरचा असा उपचार प्रसिद्ध केला. त्याआधी हा आजार जवळजवळ असाध्यच मानला जायचा.

त्या सुनेबरोबर आम्ही आधी एक यादी केली. प्रत्येक गोष्टीला भीतीचे गुण, शंभरांपैकी. घरच्या दाराची कडी २०. दुधाची न धुतलेली पिशवी ३५. दुकानातली नोट ५०. माझ्या दवाखान्याच्या दाराची मूठ ८०. एसटी स्टँडवरचं बाकडं ९५. खालून चढायचं, एकेक पायरी. तीन आठवड्यांनी ती मुठीपर्यंत आली. आधी मी ती मूठ धरली आणि तोच हात माझ्या गालाला लावला. मग तिनं धरली. भीती किती? “पंच्याऐंशी.” हात मांडीवर, धुवायचे नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं गेली. “नव्वद.” घाम फुटलेला. तिनं विचारलं, “मॅडम, काही होणार नाही ना?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

हे उत्तर कठोर वाटेल. पण ‘काही होत नाही हो’ असं मी म्हटलं असतं तर मी तिच्या हातावर पाणीच ओतलं असतं, फक्त शब्दांचं. पंधराव्या मिनिटाला ती सत्तरवर आली. चाळिसाव्या मिनिटाला पस्तीसवर. घरी जाऊन तिनं त्याच हातानं भाकरी थापली, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. दर वेळी भीती अशी उतरतेच असं नाही. नाही उतरली तरी चालतं. भीती सोबत असतानाही भाकरी थापता येते, एवढं मेंदूला कळलं तरी काम होतं.

यात जबरदस्ती कधीच नसते. नवऱ्यानं रागानं नळ बंद करणं म्हणजे ईआरपी नव्हे. यादी रुग्णाची, पायरी रुग्णानं निवडलेली, वेग रुग्णाचा. घरच्यांचं काम एवढंच की खात्री द्यायची थांबवायची, आणि तेही तिला आधी सांगून.

आता एक रास्त आक्षेप: “तुमच्याकडे दहा मिनिटांत चिठ्ठी मिळते, चाळीस मिनिटं कोण देतं?” खरं आहे. बाजाराच्या दिवशी माझ्या बाकड्यांवर जागा नसते, आणि गोळी लिहिणं सोपं पडतं. तालुक्याच्या गावांत प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळणं कठीण आहे. मी आठवड्यातल्या दोन दुपारी फक्त यासाठी ठेवल्या आहेत आणि त्या पुरत नाहीत. म्हणून रुग्णांनी स्वतःहून विचारावं: गोळीबरोबर ईआरपी कोण करून देईल? हा प्रश्न विचारल्यानं कुठल्याही डॉक्टरला राग यायचं कारण नाही.

गोळ्या: सवय, आयुष्यभर, ‘गुंगी’

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, कारण दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोळ्यांना लोक ‘डोक्याची गोळी’ या एकाच नावानं ओळखतात.

पहिली जात एसएसआरआय: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एसिटालोप्राम वगैरे. ओसीडी आणि चिंताविकार दोन्हींत याच मुख्य. क्लोमिप्रामिन हे जुनं औषध १९८९ मध्ये अमेरिकेत ओसीडीसाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध ठरलं, तेही अजून उपयोगी आहे. या गोळ्यांची तल्लफ लागत नाही. त्यांना वेळ मात्र लागतो. चिंताविकारात काही आठवडे, ओसीडीत बहुधा जास्त डोस आणि आठ ते बारा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे रुग्ण मला सर्वांत जास्त हळहळायला लावतात, कारण त्यांनी सुरुवातीची मळमळ आणि अस्वस्थता सोसलेली असते आणि फळ लागायच्या आधीच झाड तोडलेलं असतं. लैंगिक इच्छेवर परिणाम होऊ शकतो, लोक लाजेनं सांगत नाहीत, सांगावं, त्यावर मार्ग निघतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. बरं वाटल्यावर वर्ष-दोन वर्षं चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करतात. एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झिणझिण्या येतात. काहींना जास्त काळ घ्याव्या लागतात, जशा बीपीच्या.

दुसरी जात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांची. वीस-तीस मिनिटांत शांत वाटतं. थोड्या दिवसांसाठी, नेमक्या कारणासाठी, त्यांचा उपयोग आहे. पण यांची सवय लागते, डोस वाढत जातो, आणि बरेच महिने घेऊन एकदम थांबवल्या तर फिटही येऊ शकते. अल्प्राझोलाम हे एच-वन यादीतलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय आणि नोंदीशिवाय विकायचंच नाही. तरीही एका आजींनी मला त्यांची डबी दाखवली. एका दुकानातून चार वर्षं, दर महिन्याला, जुन्या चिठ्ठीवर. कुणी विचारलंही नाही. ती सोडवायला आम्हाला सात महिने लागले. ‘मानसिक गोळ्यांची सवय लागते’ ही भीती गावात कुठून आली ते मला त्या डबीत दिसतं, आणि त्या भीतीपायी ज्यांची सवय लागत नाही त्या गोळ्याही नाकारल्या जातात, याचं फार वाईट वाटतं.

गोळी की बोलणं, हा वाद मला पटत नाही. लॉस एंजेलिसमधल्या बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ओसीडीच्या काही रुग्णांना गोळी दिली, काहींना वर्तनोपचार दिला, आणि आधी-नंतर मेंदूची चित्रणं घेतली. जे सुधारले त्यांच्यात, दोन्ही गटांत, मेंदूच्या खोलातला तोच भाग निवलेला दिसला.

“मन खंबीर कर”, “बाहेरचं आहे”

मन खंबीर करायचा सल्ला देणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: रात्री चार वेळा मळ्यात जाऊन सकाळी परत कापसावर उभं राहणाऱ्या माणसाकडे खंबीरपणाची कमी नाही.

बाहेरचं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. भगताकडे किंवा देवस्थानाला जाऊन आलेले निम्मे तरी असतील. श्रद्धेनं धीर मिळत असेल तर मिळू दे. माझी हरकत दोनच गोष्टींना आहे: अंगाला इजा करणारे उपाय आणि गोळ्या बंद करायला लावणं. एक सावधगिरी मात्र धार्मिक कुटुंबांनी घ्यावी. देवनिंदेचे विचार येणाऱ्या मुलाला प्रायश्चित्त म्हणून आणखी पारायणं, आणखी उपास सांगितले की तेच त्याचं नवं कम्पल्शन होतं. आमच्याकडच्या एका कीर्तनकार बुवांनी अशा मुलाला सांगितलं, “देवाला तुझ्या मनातला कचरा आणि भाव यांतला फरक कळतो, तू वेगळा हिशेब ठेवू नको.” त्याहून चांगला सल्ला मी दिला नसता.

पहिल्यांदा यायचं तर

सोबत जुनी फाइल आणा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, आणि जे तोंडानं सांगता येत नाही ते कागदावर लिहून आणा. ओसीडीची तीव्रता मोजायला दहा प्रश्नांची एक ठरलेली मोजपट्टी आहे, गुण शून्य ते चाळीस. ते गुण विचारून घ्या, म्हणजे तीन महिन्यांनी फरक पडला का हे अंदाजावर राहत नाही.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, कोणत्याही वेळी, मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तिथे लावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात जा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला हवं. दावा नाकारला तर कारण लेखी मागा.

“फाइलवर मनोविकार लिहू नका, पोरीचं लग्न व्हायचंय,” ही विनंती मला आठवड्यातून एकदा तरी होते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं मला कायद्यानं बंधनकारक आहे, हे मी सांगते, आणि त्या पोरीला उपचार न देता लग्न करून दिलं तर बाळंतपणात काय होऊ शकतं तेही सांगते.

चोपड्याचे ते शेतकरी आता आठ महिन्यांपासून येतात. पहिली पायरी होती फोटो न काढणं. दुसरी, बटण एकदाच दाबायचं आणि वळून न बघता गाडीपर्यंत चालत जायचं. तिसरी पायरी त्यांच्या बायकोची होती आणि तिला ती सगळ्यात जड गेली. मागच्या भेटीत मी तिला विचारलं, अजून रात्री उठवतात का? महिन्यातून एखाद्या वेळी, ती म्हणाली. मग तुम्ही काय म्हणता?

“माले म्हाईत नही,” ती म्हणाली. “आनि कूस बदलस.”